ग्लोव्हची अदलाबदल: जिम ॲबटची कारकीर्द

जिम ॲबट हा अमेरिकी बेसबॉलमधला डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, 19 सप्टेंबर 1967 रोजी मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या मोटारगाड्यांच्या शहरात जन्मला. त्याला जन्मतःच उजवा पंजा नव्हता. 1989 ते 1999 या काळात तो मेजर लीगमध्ये दहा हंगाम खेळला. त्याच्यावरचे बरेचसे लेखन पंजापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तो पिचर म्हणून कसा होता, हे विचारायचे राहून जाते. यात त्याच्यावर अन्याय होतो. पंजाचा प्रश्न त्याने शाळकरी वयातच सोडवला होता. पुढचे यशापयश चेंडूने ठरवले.

पिचर फलंदाजापासून 60 फूट 6 इंचांवर उभा असतो. चेंडू हातातून सुटल्यावर क्षणात जोरदार फटका थेट त्याच्याच अंगावर येऊ शकतो. त्यामुळे एक हात फेकीसाठी आणि दुसरा ग्लोव्हसाठी, ही विभागणी खेळात गृहीतच धरलेली आहे. ॲबटने एकाच हातावर दोन्ही कामे घेतली. फेकताना ग्लोव्ह उजव्या मनगटाच्या टोकावर टेकवलेला असे. चेंडू सुटला की डावा हात त्यात सरके. चेंडू अडवला की ग्लोव्ह उजव्या हाताच्या कवेत छातीशी दाबायचा, डावा हात बाहेर काढायचा, त्याच हाताने ग्लोव्हमधला चेंडू उचलायचा आणि फेकायचा. वडिलांच्या मदतीने बसवलेली ही हालचाल त्याने विटांच्या भिंतीवर चेंडू आपटून घोटली. सराव वाढला तसा तो भिंतीच्या अधिकाधिक जवळ उभा राहू लागला. शाळेच्या सामन्यांत प्रतिस्पर्धी मुद्दाम बंट करत, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू त्याच्या पुढ्यात हळूच टाकत. त्यामागे क्रौर्य होते असे म्हणता येत नाही. समोरच्याचे दुबळे अंग शोधणे हा खेळाचाच भाग आहे, आणि बंटवर फलंदाज बाद होऊ लागले की ही युक्ती आपोआप थांबे.

फ्लिंट सेंट्रल हायस्कूलमध्ये तो पिचिंगबरोबर फलंदाजीही करी. शेवटच्या वर्षी त्याची सरासरी .427 होती. 1985 मध्ये टोरांटो ब्लू जेजने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, 36व्या फेरीत निवडले. एवढ्या उशिराची निवड म्हणजे संघाला फारशी आशा नसल्याचीच खूण. त्याने ती नाकारून मिशिगन विद्यापीठ गाठले, आणि हा निर्णय त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा ठरला. तीन वर्षांत त्याने विद्यापीठासाठी 26 सामने जिंकले आणि 8 गमावले. 1987 मध्ये हवानात, क्यूबाच्या बलाढ्य संघाला त्याच्याच मैदानावर त्याने हरवले. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रदर्शनीय खेळ होता; तिथल्या अंतिम सामन्यात त्याने जपानविरुद्ध सगळ्या इनिंग स्वतः टाकल्या आणि अमेरिका 5-3 अशी जिंकली. त्याच वर्षी कॅलिफोर्निया एंजल्सने त्याला पहिल्याच फेरीत, आठव्या क्रमांकावर घेतले.

मायनर लीगच्या छोट्या गावांतली काही वर्षे हा अमेरिकी खेळाडूचा नेहमीचा रस्ता. ॲबट तो टाळून 8 एप्रिल 1989 रोजी थेट मेजर लीगच्या मैदानावर उतरला. पहिला सामना गमावला, पण हंगाम 12 विजय आणि 12 पराभवांवर संपला. 1991 मध्ये 18 विजय, 11 पराभव, दर नऊ इनिंगमागे खात्यावर 2.89 धावा आणि सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरे स्थान. पुढच्या वर्षी ही सरासरी आणखी सुधारून 2.77 झाली, तरी नोंद राहिली 7 विजय आणि 15 पराभवांची, कारण त्याच्या संघाकडून धावाच निघत नव्हत्या. पिचरचे मोल जय-पराजयाच्या आकड्यांवर ठरवणे किती फसवे असते, हे दाखवायला हा एक हंगाम पुरेसा आहे. ही दोन वर्षे त्याच्या कलेचा कळस होती, आणि नेमकी तीच आज कमी आठवली जातात.

आठवतो तो 4 सप्टेंबर 1993 चा दिवस. तोवर तो न्यूयॉर्क यँकीजकडे गेला होता. आधीच्याच सामन्यात क्लीव्हलँडच्या फलंदाजांनी त्याला चार इनिंगही टिकू दिले नव्हते. सहा दिवसांनी यँकी स्टेडियममध्ये त्याच संघाला, ज्यात केनी लॉफ्टन, आल्बर्ट बेल आणि कोवळा मॅनी रामिरेझ होते, त्याने नऊ इनिंगमध्ये एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, घेऊ दिला नाही. पाच वेळा त्याने फलंदाजाला चार वाइड चेंडूंवर पहिल्या बेसवर जाऊ दिले, पण हिट कोणालाच मिळाला नाही. सामना 4-0 असा सुटला.

नंतर चेंडूचा वेग उतरला. फलंदाजाच्या हाताकडे आत वळणारा त्याचा कटर वेगाच्या जोरावरच बोचत असे. वेग गेला तसा तो फटक्याला सोपा झाला. 1996 मध्ये 2 विजय, 18 पराभव आणि 7.48 अशी सरासरी. त्या पडझडीचा पंजाशी काही संबंध नव्हता. अनेक दोन-हाती पिचरांची कारकीर्द अशीच संपते. 1997 मध्ये तो खेळलाच नाही. 1998 मध्ये मात्र, तिशी गाठल्यावर, सुरुवातीला टाळलेली मायनर लीगची शिडी तो खालच्या पायरीपासून चढला आणि शिकागो व्हाइट सॉक्ससाठी पाचही निकाली सामने जिंकला.

1999 चा हंगाम मिलवॉकीत गेला. आधी तो ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळला होता तिथे पिचरऐवजी दुसराच खेळाडू फलंदाजी करी. मिलवॉकी नॅशनल लीगमध्ये होते आणि तिथे त्या काळी पिचरलाही फलंदाजी करावी लागे; त्यामुळे शाळेच्या दिवसांनंतर बॅट पुन्हा नियमितपणे त्याच्या हाती आली. त्या वर्षी त्याने 21 प्रयत्नांत दोन हिट मिळवले आणि हंगाम संपल्यावर निवृत्ती घेतली. एकूण हिशेब: 87 विजय, 108 पराभव, 888 फलंदाज स्ट्राइकआउट.