सांगावा

आमचं पोरगं अमेरिकेत डॅलसला असतं. पारावर कुणी विचारलं, "कधी येणार?" तर मी म्हणतो, तारीख मिळाली की. म्हातारी माणसं समजतात, लग्नाची तारीख.

ती तारीख म्हणजे काय, हे समजायला मलाही लई दिवस लागले. कामाचा परवाना वेगळा अन् पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का वेगळा. परवाना तिथल्या तिथं वाढवून मिळतो. शिक्क्याची मुदत संपली तरी तिथं राहायला, काम करायला अडचण नाही. पण माणूस एकदा देशाबाहेर पडला, की परत आत शिरायला नवा शिक्का लागतो, अन् तो इकडं वकिलातीत मुलाखत देऊन घ्यायचा. म्हणजे गावी यायचं तर आधी मुंबईची तारीख, मग विमानाचं तिकीट, मग आई.

२०२५ च्या सप्टेंबरात मुलाखतीशिवाय शिक्का मिळायची सवलत बहुतेकांची गेली. १५ डिसेंबरपासून माणूस फेसबुकवर अन् कुठं कुठं काय लिहितो तेही तपासायचं ठरलं, अन् भारतातल्या कित्येकांच्या डिसेंबरातल्या तारखा मार्चला, त्याच्याही पुढं ढकलल्या गेल्या. पंधरा दिवसांसाठी आलेली माणसं इथंच अडकली. नोकरी तिकडं, भाड्याचं घर तिकडं, कुणाची लेकरं तिकडं.

आमच्या पोराचा शिक्का ऑगस्टातच संपलेला. "अण्णा, माघात येतो" म्हणत होता, ते थांबलं. अन् जानेवारीत त्याच्या आईच्या छातीत कळ आली. रातोरात लातूरला नेलं, दोन स्टेंट बसवले. शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं बोलणं, "त्याला कळवू नका. लेकरू पळत येईल अन् तिकडं दार लागंल त्याचं."

मी कळवलं नाही. बिल त्यानंच पाठवलेल्या पैशातून भरलं. फोनवर तिचा चेहरा बघून तो म्हणला, "आई, तोंड उतरलंय तुझं." ही म्हणली, सर्दी झालीय. भावकीतले सगळे म्हणले, बरं केलं. मलाही पटलं होतं. पण रात्री डोळा लागेना, कारण असलं खोटं मी पहिल्यांदा बोलत नव्हतो.

माझा बाप ऊसतोडीला जायचा. दसरा झाला की मुकादमाची उचल घेऊन आई-दादा बैलगाडीनं सांगलीकडं, ते पट्टा पडल्यावरच परत. आम्ही भावंडं आजीजवळ. मी सातवीत असताना पौषात आजी गेली. चुलता म्हणला, सांगावा धाडायचा नाही. अंगावर उचल आहे, मुकादम सोडायचा नाही, जीव नुसता तळमळंल. घरात लिहिता येणारा मी एकटा. त्यानं सांगितलं अन् मी पोस्टकार्डावर लिहिलं : इकडील सर्व खुशाल आहे.

पट्टा पडला, दादा आले. आजीसाठी बाजारातनं लुगडं आणलेलं. दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पिशवीतनं ते कार्ड काढून माझ्यापुढं धरलं. "अक्षर तुझंच ना?" मी रडायला लागलो. मारलं नाही. एवढंच म्हणले, "मला येता आलंच नसतं. पण त्या दिवशी मी फडात हसत असंन रे."

पोराचा पगार अन् दादाची उचल एका तागडीत घालायची नाही, एवढं मला कळतं. पोरगं एसीत बसतं, दादा कोपीत झोपायचे. पण घराकडं कधी जायचं हे दुसऱ्याच्या हातात, तेवढं सारखंच. अन् येता येत नाही, हे दुःख ज्याचं त्याला तरी मिळायला पाहिजे. ते मी परस्पर गिळलं तर मी त्याचा भार उचलला का त्याचं काही चोरलं? उलट बाजूही आहे. सांगितलं तर माझी झोप लागंल, त्याची उडंल. तो आला अन् अडकला, नोकरी गेली, तर ती माझ्या जिभेनं गेली. आठ दिवस मी ह्या दोन्ही गोष्टी उलटसुलट करत होतो. मनातलं सांगतो, तिसरं एक होतं : त्यानं "येत नाही" म्हणलं तर? न सांगितल्यानं तेही झाकून राहत होतं.

बाराव्या दिवशी शेतातनंच फोन लावला. सगळं सांगितलं. बराच वेळ आवाज नाही. मग म्हणला, "त्या रविवारी मी तुम्हाला फिरायला गेल्याचे फोटो पाठवले होते, अण्णा." मी गप्प. "येऊ का?" म्हणला. मी म्हणलं, "ते तू ठरव. मी फक्त सांगावा दिला."

तीन दिवस त्याचा फोन नाही. चौथ्या दिवशी आला तो आईलाच. गोळ्यांची नावं विचारून घेतली, डॉक्टरचा नंबर घेतला, मार्चची तारीख बघतोय म्हणला. फोन ठेवल्यावर ही माझ्यावर चिडली. "राहवलं नाही ना शेवटी?" म्हणली अन् भिंतीकडं तोंड करून पडली. थोड्या वेळानं हात मागं करून म्हणली, "तो फोन चार्जिंगला लावा. हितं उशाशी."