त्या खोलीत कोण कोण होतं

रविवार सकाळचं हैदराबादचं आबिड्स डोळ्यांसमोर आणा. शटरं खाली आलेली, नेहरूंच्या पुतळ्याभोवती वाहनं तुरळक, आणि बंद दुकानांच्या पुढ्यात फुटपाथभर जुनी पुस्तकं. इंजिनिअरिंगचे ठोकळे, उर्दू डायजेस्ट, सुलतान बाजारातल्या कुठल्यातरी घराच्या माळ्यावरून आलं असावं असं एखादं मराठी पुस्तक, आणि जुन्या सिनेमासिकांचे गठ्ठे. हा सगळा भाग एके काळी सिनेमाचाच. पॅलेस, झमर्रुद महल, सागर, रामकृष्ण, संतोष-सपना ही नावं इथल्या जुन्या माणसाला पाठ असतात. पैकी कितीतरी पडदे आता नाहीत.

गठ्ठ्यापाशी उकिडवे बसा. एक मासिक उचला, मधलं पान उघडा. एक पुरुष, एक स्त्री, खूप जवळ. दिवा कमी, खांद्यावरून घसरलेलं काहीतरी. अशा चित्रापाशी नजर दोनपैकी एक करते: झटकन पान उलटते, नाहीतर चिकटते. आज दोन्ही नको. श्वास एकदा पूर्ण खाली जाऊ द्या, आणि त्या दोघांकडे न बघता चित्राच्या कडांकडे बघा. कडेच्या पलीकडे काय होतं?

खोली होती. कॅमेऱ्यामागे एक माणूस, त्याच्या शेजारी फोकस सांभाळणारा दुसरा. काठीला माइक लावून हात वर धरून उभा असलेला तिसरा. दिव्यांची माणसं. मागच्या शॉटला पदर कुठे होता हे टिपून ठेवणारी सहायक. चहाचा ट्रे घेऊन दारात अडकलेला स्पॉटबॉय. आणि या सगळ्यांना गप्प करणारा दिग्दर्शक. एकेका चेहऱ्यापाशी थांबा आणि विचारा, हा इथे कशासाठी आहे? काहींकडे उत्तर असेल. काही नुसतेच थांबलेले असतील.

दिग्दर्शकाच्या कसबाची पहिली परीक्षा इथे होते, असं मला वाटतं. नुसतेच थांबलेल्यांना तो बाहेर पाठवतो की नाही?

आता शेजारच्या सेटवर जाऊ. तिथे मारामारी चालली आहे. फाइटमास्टर एकेक ठोसा मोजून बसवतो. पाय कुठे, मान किती वळणार, हात गालापासून किती अंतरावरून जाणार, कॅमेरा कुठून बघणार म्हणजे तो लागल्यासारखा दिसेल. तालमी होतात, खाली गाद्या असतात. ‘खरंच मार, म्हणजे राग नैसर्गिक येईल,’ असं कुणी म्हणालं तर त्याला वेड्यात काढतील. आणि शयनगृहाच्या सेटवर मात्र वर्षानुवर्षं नेमकं हेच सांगितलं गेलं: तुमचं तुम्ही बघा, नैसर्गिक वाटलं पाहिजे.

या ‘नैसर्गिक’पाशी जरा रेंगाळू या. 1972 साली ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ आला. त्यातली नायिका मारिया श्नायडर चित्रीकरणाच्या वेळी 19 वर्षांची होती, नायक मार्लन ब्रँडो अठ्ठेचाळिशीच्या आसपास. बळजबरीच्या त्या कुप्रसिद्ध दृश्यात लोणी वापरायचं हे ब्रँडो आणि दिग्दर्शक बेर्तोलुची यांनी त्याच दिवशी ठरवलं आणि तिला आधी कळू दिलं नाही. आपल्याला अभिनेत्रीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती, असं बेर्तोलुची पुढे 2013 मध्ये म्हणाला. तोवर श्नायडर वारली होती. संभोग अभिनयाचाच होता, पण अपमान खरा झाला, हे तिने हयातीत सांगून ठेवलं होतं. हा चित्रपट जगभर कलाकृती म्हणून गौरवला गेला. मला त्यात कसबाची चूक दिसते, आणि नीती बाजूला ठेवली तरी दिसते. अभिनेत्रीकडून जे अभिनयाने मिळवता आलं नाही, ते तिला फसवून मिळवलं. मग दिग्दर्शन कुठे झालं?

सावकाश उलट बाजूला या. 2018 साली अमेरिकेत एचबीओने ‘द ड्यूस’ या मालिकेसाठी एक माणूस नेमला. मालिकेचा विषयच न्यूयॉर्कच्या देहविक्रीचा आणि अश्लीलपटांच्या धंद्याचा. एमिली मीड या अभिनेत्रीने मागणी केली आणि अलिशिया रोडिस हिला इंटिमसी को-ऑर्डिनेटर म्हणून सेटवर आणलं गेलं. आपल्याकडे आस्था खन्ना हे काम करू लागल्या, आणि 2022 च्या ‘गहराइयाँ’त दार गाय या दिग्दर्शिकेचं नाव इंटिमसी डायरेक्टर म्हणून झळकलं.

या लोकांचं काम ऐकताना फार कोरडं वाटतं. ते तसंच, एकेक करून ऐका. पटकथा वाचतानाच ठरतं की किती दिसणार, हात कुठे जाणार आणि कुठे जाणार नाही. ते कागदावर येतं. सेटवर त्यातलं कमी करता येतं; ऐन वेळी वाढवायचं म्हटलं की काम थांबतं. अंगाच्या रंगाची आच्छादनं चिकटवलेली असतात, दोन शरीरांमध्ये पातळ गादी असते. वजन कोपरावर घ्यायचं, समोरच्याच्या छातीवर नाही. तीन श्वास, मग मान डावीकडे. सेट बंद, मॉनिटरवर पडदा. ‘कट’ म्हटल्यावर अंगावर टाकायचा झगा घेऊन कुणीतरी आधीच उभं असतं. आणि एक प्रश्न, जो प्रेक्षकाला सुचतही नाही: न वापरलेलं चित्रीकरण कुठे जाणार? कुणाच्या कपाटात, कुणाच्या फोनमध्ये?

इतकं सगळं मोजूनमापून केल्यावर पडद्यावर ओढ उरते का? उरते. किंबहुना तेव्हाच दोघांना चेहरे मोकळे सोडता येतात. हात कुठे जाणार हे ठाऊक असलं की डोळे दुसरं काहीतरी बोलू लागतात.

आता जरा अवघड ठिकाणी बसायचं आहे. दक्षिणेत सकाळच्या खेळांना लागणाऱ्या ‘तसल्या’ चित्रपटांत एक चीज असे: बिट. मूळ चित्रपटाशी काडीचाही संबंध नसलेला, मध्येच जोडलेला रिळाचा तुकडा. दोन-पाच मिनिटं उघडी शरीरं, मग पुन्हा पहिली गोष्ट, जणू काही घडलंच नाही. सेन्सॉरने पाहिलेल्या प्रतीत तो नसे. तो तुकडा मनात लावून बघा. त्यातल्या बाईचं नाव काय? तो कुणी घेतला? तिला काय सांगून घेतला? ती ‘कट’ म्हणू शकत होती का? तिला पैसे पोचले का? एकाही प्रश्नाला उत्तर नाही. त्या तुकड्याला दिग्दर्शक नाही. निदान जबाबदारी घेणारा तरी नाही. आपल्या कायद्याने तर असलं काही बनवून पसरवणं गुन्हाच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67अ खाली लैंगिक कृत्यं दाखवणारा मजकूर इलेक्ट्रॉनिक रूपात पसरवल्यास पहिल्याच दोषसिद्धीला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. पण पाहणारा अंधारात बसतो आणि करणारी प्रकाशात, ही उलटापालट कायद्याने सुटत नाही.

आबिड्सपासून निजाम कॉलेज फार लांब नाही. तिरुमलगिरीत जन्मलेले श्याम बेनेगल तिथे शिकले, हैदराबाद फिल्म सोसायटीही त्यांनी त्याच काळात काढली. त्यांच्या ‘अंकुर’कडे (1974) प्रौढांचा चित्रपट म्हणून बघा. जमीनदाराचा मुलगा सूर्या गावात येतो, घरकामाला दलित लक्ष्मी. तो तिला विचारतो, चहा करशील का? तिच्या हातचा चहा तो पितो. पुजाऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. पुढे दोघांत जे होतं ते होतंच, पण माझ्या लेखी त्या चित्रपटातला सर्वांत धीट स्पर्श त्या चहाचा आहे, कारण शरीराआधी तिथे जात ओलांडली जाते. आणि तीही एकाच बाजूने, मालकाच्या मर्जीने. शबाना आझमीच्या लक्ष्मीला ‘नको’ म्हणायला जागा किती, हे दिग्दर्शकाला पक्कं माहीत आहे, म्हणून आपल्यालाही विसरता येत नाही. जवळीक आणि सत्ता एकाच खोलीत आहेत.

‘मंडी’त (1983) त्यांनी अख्खा कोठाच मांडला. त्यात ओम पुरी फोटोग्राफर आहे, तिथल्या मुलींचे फोटो काढायला टपलेला. देह विकला जातो त्या घरातही कॅमेरा वेगळी चोरी करायला येतो, हे बेनेगलांनी पडद्यावर ठेवलं, आणि ठेवलं विनोदाच्या अंगाने. 2016 मध्ये याच गृहस्थांच्या समितीने चित्रपटांना कात्री लावण्याऐवजी वर्गवारी करावी असं सुचवलं. ‘ए’च्या पुढे, सावधानतेची सूचना असलेला आणखी एक वर्ग असावा असंही. प्रौढांना प्रौढ समजा, एवढंच त्यांचं मागणं.

प्रौढांना प्रौढ समजणारं काम मराठीला नवं नाही. 1972 मध्येच कमलाकर सारंगांनी तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक उभं केलं. लालन सारंगांची चंपा प्रेक्षकांसमोर साडी बदलायची. तेरा प्रयोगांनंतर बंदी आली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दिग्दर्शक म्हणजे लालन यांचाच नवरा, हा तपशील लोकांनी चघळला. मला वेगळाच प्रश्न पडतो: ती साडी बदलणं तालमीत किती वेळा झालं असेल? कंटाळा येईपर्यंत, असं मानायला हरकत नाही. प्रयोगात चंपा बेफिकीर दिसायची तर नटीला प्रत्येक निरी पाठ हवी. रवी जाधवांच्या ‘न्यूड’मध्ये (2018) जे. जे. कला महाविद्यालयाच्या वर्गात यमुना मॉडेल म्हणून पहिल्यांदा वस्त्र उतरवते. तिच्याकडे बघणारी मुलं रेषा शोधत असतात, तरी तिला तो क्षण एकटीनेच ओलांडावा लागतो. परीक्षण मंडळाने तो चित्रपट ‘ए’ देऊन एकही काट न करता सोडला.

पुन्हा त्या पानावर या. खोलीतली माणसं मोजून झाली. दिवेवाला, माइकवाला, दिग्दर्शक, ते दोघं. एक राहिलं आहे. त्या खोलीत तुम्हीही आहात, वीस-तीस वर्षं उशिरा आलेले, पण कॅमेऱ्याच्या अगदी जवळची जागा पटकावून बसलेले. तुमच्यासाठीच तो कोन निवडला होता. उत्तम दिग्दर्शक तुम्हाला त्या दोघांपैकी एकाच्या मनात नेऊन सोडतो, बिटवाला तुम्हाला भिंतीच्या फटीपाशी उभं करतो. दोन्हीकडे चित्र तेवढंच उघडं असू शकतं. तुम्ही कुठे उभे आहात, हे आताच्या आता पाहा. पायांखाली काय लागतं?

विक्रेता विचारेल, ‘लेना है क्या, साब?’ घ्यायचं तर घ्या. फक्त पान मिटण्याआधी मजकूर वाचा; छायाचित्रकाराचं नाव छापलंय का, तिचं छापलंय का, ते बघा.