‘युक्त’ म्हणजे नेमकं किती? (गीता, अध्याय 6, श्लोक 16–17)



अध्याय ध्यानाचा, पण गंमत बघा, भगवंत अर्जुनाला जेवण-झोपेचंही सांगतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, अन् उपाशी राहणाऱ्यालाही नाही. खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप, सगळं ‘युक्त’ हवं, मापात. मग योग दुःख हरतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: कोरोनात रोज योगा करणारेही गेले, त्याचं काय?

प्रश्न टाळण्यासारखा नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या 48,440 कोरोना रुग्णांचा अभ्यास आला. आजाराआधी आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, जवळपास न हलणाऱ्यांना दवाखान्यात भरती व्हावं लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. त्याच वर्षी आहारावरही एक मोठा अभ्यास झाला. भाज्या, फळं, डाळी भरपूर खाणाऱ्यांत गंभीर आजाराचा धोका सुमारे 41 टक्के कमी, पण लागण होण्याचा धोका फक्त 9 टक्के कमी. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचा. विषाणूला दार बंद होत नाही. तो आत आल्यावर शरीर तग धरतं, कारण साखर, वजन, रक्तदाब आधीपासून ताब्यात असतात.

म्हणून ‘मी सूर्यनमस्कार घालतो, मला लस कशाला’ म्हणणाऱ्यानं गीता वाचली नाही, अहंकार वाढवला. आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यासमोर ‘पथ्य पाळलं नसेल’ असं तर बोलूच नका. वय असतं, जुने आजार असतात, वेळेवर ऑक्सिजन न मिळणं असतं.

आपल्या राष्ट्रसंतांनी ग्रामगीतेत आरोग्याला वेगळा अध्याय दिला. त्यांना ते भक्तीच्या बाहेरचं वाटलंच नाही. आणि महागडे डबे कशाला हवेत? ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, उन्हाळ्यात आंबील. घरात आहेच की! (मोबाईल बघत जेवलं तर माप कळत नाही, हे मात्र खरं.) चालायला बल्लारपूरच्या मे महिन्यात सकाळी सहाच्या आतच निघा, नंतर ऊन चालू देत नाही.

ताप असेल तेव्हा मात्र व्यायाम बंद. त्या दिवशी विश्रांती हेच ‘युक्त’, कारण विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणू शकतो. ताप उतरला की लगेच जिम नको. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. छातीत दुखलं, धाप लागली तर थेट डॉक्टरकडे.

उद्या अठरावा श्लोक.