साडेपाच तास

आमचा मुलगा सिंगापूरला नोकरीला लागला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात भूगोलाला भलतंच महत्त्व आलं. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आणि थेट विमानाला लागतात साडेपाच तास, हे मी आर्णीच्या निम्म्या बाजाराकडून तोंडपाठ करून घेतलं आहे. कुणी विचारण्याची मी वाट पाहत नाही.

एकदा असंच सांगत होतो, तर शेजारचे काकाजी म्हणाले, "साडेपाच तास ठीक आहे. पण आर्णीहून मुंबई थे कोन मोजन, बाप्पा?"

मग कागद-पेन्सिल घेतली. आर्णीला रेल्वे नाही. म्हणजे आधी एस. टी.नं नागपूर, चारेक तास. तिथं विमानतळावर दोन तास बसायचं. नागपूर-मुंबई विमान दीड तास. मुंबईत पुन्हा चार तास खुर्ची उबवायची. आणि मग ते प्रसिद्ध साडेपाच तास. एकूण सतरा! त्यातले आकाशात सात, जमिनीवर दहा. माणसाला उडायला वेळ लागत नाही हो. उडण्याच्या जागेपर्यंत पोचायला लागतो.

पण हिनं या हिशेबातले साडेपाचच तेवढे उचलले. दिवाळीला मुलगा आला नाही, तेव्हा म्हणाली, "साडेपाच तासांवर तर आहे. यायले काय होते?"

मी विचारात पडलो. १९६५ साली आमचे काका मुंबईला होते. आजी वारल्याची तार मिळाल्यावर ते रेल्वेनं धामणगाव, तिथून बसनं यवतमाळ आणि मग आर्णी असे तिसऱ्या दिवशी पोचले. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट "बिचारा केवढ्या लांबून आला" म्हणून सगळे त्यांच्याच गळ्यात पडून रडले. सारा दोष अंतरानं आपल्या डोक्यावर घेतला होता. विमानानं अंतर कमी केलं खरं, पण तो दोष उचलून माणसाच्या डोक्यावर ठेवला. पूर्वी "येऊ शकला नाही" म्हणत. आता "आला नाही" म्हणतात.

हे तत्त्वज्ञान मी रविवारी रात्री मुलाला फोनवर ऐकवलं. थोडं टोमण्यासाठीच. तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, म्हणजे त्याचे साडेदहा वाजलेले. त्यानं निमूट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, आत्याच्या पायाचं प्लॅस्टर निघालं. कालच बोललो तिच्याशी. तुम्ही अजून गेलेच नाही म्हणे?"

आमची ताई दिग्रसला असते. पोळ्याच्या दिवशी पडून तिचा पाय मोडला. दिग्रस इथून एस. टी.नं तासाभराचं. पण कधी पाऊस होता, कधी कापसाची वेचणी होती, कधी माझाच गुडघा होता. दसरा गेला, दिवाळी गेली. साडेपाच तासांचा हिशेब गावभर सांगणाऱ्यानं एका तासाचा हिशेब काही केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलो. ताई बाजेवर बसून होती. मला पाहून तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "चहा ठेव वं. भाऊ लय लांबून आला."

ती चिडवत होती की खरंच म्हणत होती, हे मी विचारलं नाही.