मुलांचा निवाडा

मुलांना खरे बोलावयास शिकवावे, याविषयी कोणाही गृहस्थाचे दुमत नसते. परंतु खोटे बोलणे वाईट का, असे मुलांनाच विचारून त्यांचे उत्तर शांतपणे ऐकून घेणारी वडीलमंडळी विरळाच. जिनिव्हा येथील आचार्य जाँ पियाजे यांनी हे केले आणि बालकांच्या नीतिविचारावरील आपल्या १९३२ सालच्या ग्रंथात ती उत्तरे नोंदविली.

ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एक मुलगा कुत्र्याला भिऊन घरी आला आणि गाईएवढा कुत्रा पाहिला, असे आईला म्हणाला. दुसऱ्याने गुरुजींनी चांगले गुण दिल्याचे खोटेच सांगितले; आईने ते खरे मानून त्याला बक्षीस दिले. यांत अधिक वाईट कोण? सहा-सात वर्षांची मुले बहुधा पहिल्याला दोषी ठरवीत. एवढा मोठा कुत्रा असतच नाही, हे त्यांचे कारण! भयाने केलेली अतिशयोक्ती त्यांना घोर वाटे आणि आईची फसवणूक क्षुल्लक. मोठी मुले मात्र म्हणत की, आईला ते खरे वाटले, म्हणूनच दुसरा अधिक वाईट.

वय वाढले तशी समज वाढली, असे म्हणून आईबापांनी निश्चिंत व्हावे, तोच पुढचे उत्तर येते. लहानांच्या मते वडिलांशी खोटे बोलणे अधिक वाईट. पण दहा-बारा वर्षांची काही मुले सांगत की, मोठ्या माणसांशी कधी कधी खोटे बोलावेच लागते, सवंगड्याशी तसे करणे मात्र नीचपणाचे.

काळाला दोष देऊन हे उत्तर टाळता येईल. वस्तुतः त्या मुलांनी नात्यांचीच परीक्षा केलेली आहे. सवंगडी छडी उगारीत नाही, आणि त्याला फसविले तर खेळच मोडतो. वडिलांपुढे मात्र सत्याचे मोल एकट्या मुलालाच द्यावे लागते. शिस्त नको, असा याचा अर्थ नव्हे. पण आपल्याकडेही, खोटे बोलल्याबद्दल सकाळी ज्याचा कान पिळला त्याच मुलाला, संध्याकाळी देणेकरी दाराशी आला असता ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगावयास पाठविणारे वडील दुर्मिळ नाहीत. त्या मुलाने कोणत्या धड्यावर विश्वास ठेवावा?

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील सत्यकामाचे सत्यवचन सर्वांना परिचित आहे. त्याच्या आईकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुलाने गोत्र विचारले तेव्हा एखादे सोयीचे नाव सांगून मोकळे होणे जबालेला अवघड नव्हते. तिने तसे केले नाही. आपल्या तारुण्यातील परिस्थिती सांगून, गोत्र आपणास ठाऊक नाही, असे तिने मुलापाशी स्पष्टपणे मान्य केले. तेच शब्द मुलाने हारिद्रुमत गौतमांपुढे निःशंकपणे उच्चारले. गौतमांनी त्याला समिधा घेऊन येण्यास सांगितले.