नकली मोटर आणि अचौर्याचा प्रश्न

व्हॅक्यूम क्लीनरची मोटर जळाली की बदलीसाठी तीन प्रकारचा माल समोर येतो. यंत्राच्या कंपनीच्या नावाने, तिच्या सेवा केंद्रातून मिळणारा ‘ओरिजिनल’. दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला, अमुक यंत्राला बसेल असे उघड सांगणारा. बाजारात त्याला ‘कॉम्पॅटिबल’ किंवा नुसते ‘लोकल’ म्हणतात. आणि मूळ कंपनीचे खोके, लेबल, शिक्का यांची हुबेहूब नक्कल करून विकलेला ‘डुप्लिकेट’. बोलण्यात शेवटचे दोन प्रकार सर्रास एकाच पंक्तीत बसवले जातात. नीतीच्या दृष्टीने मात्र खरी सीमारेषा त्या दोहोंमधूनच जाते.

‘कंपनीची मोटर’ ही कल्पनाही दिसते तितकी सरळ नाही. सफाई यंत्रे विकणाऱ्या अनेक कंपन्या मोटर स्वतः बनवत नाहीत. अमेरिकेतील ॲमेटेक, स्लोव्हेनियातील डोमेल अशा उत्पादकांकडून ती घेतात. त्यामुळे एकाच कारखान्यातली मोटर एका खोक्यात ओरिजिनल आणि दुसऱ्या खोक्यात लोकल ठरू शकते. न्यायदर्शनाच्या परिभाषेत मोटरपण ही जाती, तर ‘कंपनीचे’पण ही उपाधी, म्हणजे बाहेरच्या संबंधातून वस्तूला चिकटलेला धर्म. मोटर कितीही उघडली तरी आर्मेचरमध्ये कंपनी सापडत नाही.

सापडते ते वेगळेच. वाइंडिंग तांब्याचे आहे की ॲल्युमिनियमचे, हे तिथे कळते. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. तेवढ्याच जाडीची तार वापरली तर मोटर जास्त तापते. इन्सुलेशनचे वर्ग ठरलेले आहेत: ‘बी’ वर्ग १३० अंश सेल्सिअसपर्यंत, ‘एफ’ १५५ पर्यंत, ‘एच’ १८० पर्यंत. तापमान दर दहा अंशांनी वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. पाणी शोषणाऱ्या यंत्रांत तर मोटरची रचनाच निराळी लागते. तिथे ओढलेली हवा आणि मोटर थंड करणारी हवा यांचे मार्ग वेगळे ठेवावे लागतात. कोरड्या धुळीच्या यंत्रातली, ओढलेली हवाच अंगावर घेणारी मोटर तिथे बसवली तर ओलावा थेट वाइंडिंगमध्ये जातो. म्हणजे कोणत्याही मोटरबाबत दोन विधाने केली जातात: ती कोणाची आहे आणि ती कशी आहे. ही दोन्ही विधाने एकमेकांवर अवलंबून नाहीत.

प्राचीन भारतीय विचाराने हा भेद केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, व्यापाऱ्यांवरील नियंत्रणाच्या प्रकरणात, हलका माल भारी म्हणून विकणे, एका ठिकाणचा माल दुसऱ्या ठिकाणचा म्हणून विकणे आणि दाखवलेल्या मालाची पेटीच बदलणे हे प्रकार वेगवेगळे नोंदवले आहेत. हलक्या किमतीच्या मालासाठी दंड ५४ पण (तेव्हाचे नाणे). उत्पत्तीबद्दलचे खोटे हा गुणाबद्दलच्या खोट्याचा पोटप्रकार मानलेला नाही, ही यातली लक्षणीय गोष्ट. माल चांगला निघाला म्हणून खोटे नाव माफ होत नाही.

जैन विचार याहून खोल जातो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, प्रत्येक व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाध आणणारे दोष, सांगितले आहेत. त्यात ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे नकली वस्तूंचा व्यापार, सत्यव्रताखाली नव्हे तर अचौर्यव्रताखाली येतो. वरवर पाहता हे अनपेक्षित आहे, कारण नकली लेबल हे उघडच खोटे बोलणे आहे. पण व्यवहार नीट तपासला तर वर्गीकरण पटते. ग्राहकाने खऱ्या मोटरची किंमत मोजली आणि त्याला ती मिळाली नाही. फरकाची रक्कम त्याने दिलेली नाही, ती घेतली गेली आहे. ज्या उत्पादकाने वर्षानुवर्षे नाव कमावले, त्याचे नावही न विचारता वापरले गेले आहे. खोटे बोलणे हे इथे साधन आहे, कृत्य चोरीचे आहे.

पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत या अतिचाराचे स्पष्टीकरण कृत्रिम सोन्यासारख्या वस्तूंनी केलेला वंचनापूर्वक व्यवहार असे केले आहे. सगळा भार ‘वंचनापूर्वक’ या अटीवर आहे. कृत्रिम वस्तू बनवणे दोषाचे नाही, ती खरी म्हणून खपवणे दोषाचे आहे. स्वतःच्या नावाने विकलेली लोकल मोटर या कसोटीवर निर्दोष ठरते. आजचा कायदाही जवळपास तिथेच उभा आहे. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम ३० सुटा भाग कोणत्या यंत्रासाठी आहे हे कळवण्यापुरते दुसऱ्याचे व्यापारचिन्ह वापरू देते. तेच चिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे हा कलम १०३ आणि १०४ खाली कैदेचा गुन्हा आहे.

ग्राहकाचे काय? अचौर्याच्याच अतिचारांत चोरून आणलेला माल घेणे हाही एक आहे, आणि चोरीला अनुमोदन देणेही त्या यादीबाहेर नाही. फसलेला ग्राहक अर्थातच दोषी नाही. पण किंमत निम्म्याहून कमी, बिल नाही, आणि तरी खोक्यावर मोठ्या कंपनीचे नाव, असा सौदा डोळे उघडे ठेवून करणाऱ्याला फसलेला म्हणता येत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की आतून मोटर कशी आहे हे ग्राहकाला कळणार कसे? वापरून पाहावे, हे उत्तर अपुरे आहे. ज्ञानाचे प्रामाण्य कृतीच्या यशावरून कळते हा न्यायदर्शनाचा सिद्धांत तहानलेल्याला पाणी मिळते तिथे लगेच लागू पडतो. वाईट मोटर मात्र पहिले काही महिने चांगलीच चालते. म्हणून शब्दप्रमाणावर, सांगणाऱ्यावर, विसंबावे लागते. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात आप्त कोण, तर ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे पाहिले तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते, असेही तो नमूद करतो. आप्तपण कुळावर ठरत नाही. वॉट, इन्सुलेशनचा वर्ग, वाइंडिंगचा धातू आणि स्वतःचे नाव-पत्ता स्पष्ट छापणारा लहान उत्पादक त्या अर्थाने आप्त आहे. मोठे नाव लावून गप्प बसणारा नाही.

गुणाची बाजू तरीही दुय्यम नाही, कारण इथे अहिंसेचा संबंध येतो. रुग्णालयात, रेल्वे स्थानकात किंवा कार्यालयात ओल्या फरशीवर यंत्राचा पाइप धरणारा माणूस मोटर विकत घेत नाही. बचत खरेदी करणाऱ्याची होते, शॉक बसण्याचा धोका सफाई कामगाराच्या वाट्याला येतो. घरच्या कोरड्या यंत्रात योग्य वर्गाची लोकल मोटर बसवणे हा रास्त काटकसरीचा निर्णय आहे. दुसऱ्याच्या हाती द्यायच्या ओल्या कामाच्या यंत्रात जिचे माप, वर्ग आणि उत्पादक कागदावर नाही, अशी कोणतीही मोटर बसवू नये, मग खोक्यावर नाव कोणतेही असो.