चावी

नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालं की मार्गासनीला साखर-गुंजवण्याचा फाटा फुटतो आणि राजगड नजरेत भरतो. या फाट्याच्या आसपासच एक गाव आहे, आणि गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या कुशीत, त्याची वाडी. दोघांचीही नावं मी सांगत नाही. मी तिथल्या शाळेवर बरीच वर्षं शिक्षक होतो. त्या माणसांनी मला घरचं मानलं आणि त्यांची नावं छापायला मी त्यांना विचारलेलं नाही.

वाडी चाळीसेक घरांची. पाणी झऱ्याचं. डोंगरात उंबराच्या मुळाशी झरा, त्याच्या तोंडाला दगडी टाकं, तिथून उतारानं आलेला पाइप, वाडीच्या वर एक साठवण टाकी आणि तिच्याखाली वॉल. हे सगळं वाडीनं श्रमदानातून केलेलं. वॉल फिरवायची लोखंडी चावी कमरेइतकी उंच, वर आडवी दांडी. ती वाडीतल्या आबांच्या ओटीच्या कोपऱ्यात उभी असायची. पानशेत फुटलं त्या साली, म्हणजे 1961 ला, आबा शाळेत दुसरीला होते, एवढा त्यांच्या वयाचा हिशेब. घरटी महिना 50 रुपये गोळा व्हायचे आणि आबा सकाळ-संध्याकाळ वॉल सोडायचे. गळती काढायला पोरं मदतीला असत.

खाली गाव तीनशे उंबऱ्यांचं. नदीकाठी विहीर, मोटर, उंच टाकी, घरोघरी नळ. पण एप्रिल आला की नदीचा डोह आटायचा, विहीर तळाला जायची, त्यात लाइट गेली की मोटर बंद. वरच्या वाडीत मात्र धार चालू. मग गावाची नजर झऱ्याकडे गेली. तहानलेल्या माणसाची नजर पाण्याकडे जाणारच, त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही.

26 जानेवारी 2025 च्या ग्रामसभेत विषय आला. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला आणि शाळेच्या पटांगणातच सभा बसली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ठराव वाचला: वाडीची नळपाणी योजना उद्भव व साठवण टाकीसह ग्रामपंचायतीने ताब्यात घ्यावी.

गावाचं म्हणणं खोटं नव्हतं. वाडीच्या टाकीत टीसीएल पावडर कधी पडे, कधी राहून जाई. पाइप जुना, जोडांवर रबरी ट्यूब गुंडाळलेली. 50 रुपयांत नवा पाइप येत नाही. ग्रामपंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे होते, आणि त्यातला मोठा हिस्सा पाणी नि स्वच्छतेवरच खर्चायला बांधलेला होता. एकच योजना झाली तर पाण्याची तपासणी होईल, हिशेब एका वहीत राहील, वाडीलाही नवा पाइप मिळेल. एक सदस्य तर हात जोडून म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्या उन्हातान्हाच्या नदीत झिरे काढत्यात. तुम्ही आमचंच हायसा की."

वाडीची एक बाई उठली. "खालच्या आळ्यांचे नळ सुरू झाल्यावर आमच्या नळाला काय राहील?" एवढंच विचारून ती बसली. तिला कुणी उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात मागून वाडीचाच एक मुलगा पुढं आला. तो पुण्यात कंपनीत कामाला, सिंहगड रस्त्याच्या पुढे भाड्याच्या खोलीत राहणारा. त्या आठवड्यात बायको आणि लहान पोराला घेऊन गावी आला होता. का आला होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. जानेवारीच्या त्या दिवसांत त्याच भागातल्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस या आजाराचे रुग्ण सापडत होते. आधी जुलाब, मग पायातली ताकद जायची, काहींना श्वासाला यंत्र लावावं लागे. पुढे पुणे परिसरात रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास गेली. बोट गेलं ते पाण्याकडे, आणि नांदेडच्या त्या विहिरीकडे, जिथून आसपासच्या वस्त्यांना पाणी जात होतं. त्या पाण्यात क्लोरिन पडत होतं, पण ते गाळून शुद्ध करणारं केंद्र मध्ये नव्हतं.

इथे मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत घेतलेल्या 23 गावांतली. त्याआधी 2017 मध्ये 11 गावं घेतली होती. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वगळून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं. 2021 नंतर पुण्याची हद्द राज्यातल्या सगळ्या महापालिकांपेक्षा मोठी झाली. पण मार्च 2022 ला नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. म्हणजे या 23 गावांचा सरपंच गेला, आणि 2025 च्या त्या जानेवारीपर्यंत त्यांनी निवडून दिलेला नगरसेवक आलेलाच नव्हता. नळाला गढूळ पाणी आलं तर कुणाच्या दारात जायचं? आणि पाणी तर शेजारूनच जातं. खडकवासल्याचं धरण जेमतेम दोन टीएमसीचं. पुण्याची तहान भागते ती वरच्या धरणांवर, त्यातही आमच्या तालुक्यातल्या पानशेतच्या 10.65 आणि वरसगावच्या 12.82 टीएमसीवर. ते पाणी या गावांच्या उशाला येऊन थांबतं आणि तिथून शुद्ध व्हायला पर्वतीला जातं. धरणाच्या पायथ्याची माणसं मात्र विहिरीचं पाणी पीत राहिली. ती बातमी वाचून मी रात्रभर जागा होतो. माझे दोन विद्यार्थी त्या भागात राहतात.

मुलगा यातलं काही बोलला नाही. तो म्हणाला, "आमच्या शेजारचं पोरगं चालत दवाखान्यात गेलं. आता त्याला दोन माणसं धरून उभं करत्यात. आम्ही राहतो ते गाव शहरानं घेतलं तेव्हा मी फटाके लावलेले. पाणी चांगलं येईल म्हणून." मग ठरावाच्या कागदाकडे बघत, "ह्याच्यात ताबा लिहिलाय. निगा कोण राखणार ते कुठं लिहिलंय?"

सरपंचबाई गावच्या सूनबाई, वय चाळिशीच्या आत. त्या आबांकडे वळल्या. "आबा, तुमचं काय म्हणणं?"

आबा उठले नाहीत. "चावी काय, उद्या न्या. माझं गुडघं आता वर चढत न्हाईत. पण सूनबाई, न्यायच्या आधी एकडाव माझ्यासंगं झऱ्यावर या. समद्यांनी या."

सभा तहकूब झाली.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे आम्ही सहाजण निघालो. सरपंचबाई, भाऊसाहेब, दोन सदस्य, तो मुलगा आणि मी. आबा काठी टेकत पुढं. तासभर चढण. उंबराखाली पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. टाक्याच्या तळाशी पिकली उंबरं आणि पानं साचलेली. आबा काठावर बसले, पाय पाण्यात न घालता वाकले आणि हातानं एकेक पान काढायला लागले. पाइपच्या तोंडाला जाळी, जाळीवर जुन्या लुगड्याचा दुहेरी तुकडा. तो सोडून त्यांनी टाक्यापासून चार पावलं लांब नेऊन पिळला, झटकला, उजेडाकडे धरून आरपार पाहिला आणि पुन्हा बांधला. बांधताना सुतळीच्या गाठीचं टोक दातानं ओढलं. मग दगडांच्या सांदीत बोट घालून म्हणाले, "हितं खेकडं पोखरतंय. दर पंध्रा दिसानी चिकणमाती ठासायची. एक बीळ राहिलं तर रातीत निम्मं पाणी डोंगरात." त्यांनी सरपंचबाईंच्या हातात मातीचा गोळा दिला. त्यांनी पदर खोचला आणि बीळ बुजवलं.

गुरं येऊ नयेत म्हणून वरच्या अंगाला दगडांचा गडगा होता. त्याचे ढासळलेले दगड आम्ही परत रचले. पहिल्या पावसाचं पाणी आठ दिवस टाक्यात घ्यायचं नाही, बाजूला काढून द्यायचं, तेही आबांनी दाखवलं. भाऊसाहेब सगळं लिहून घेत होते.

शेवटी आबांनी पिशवीतून वही काढली. शाळेची दोनशे पानी, माझ्याच हातची, कधीतरी दिलेली. दर अमावस्येला झऱ्याच्या धारेखाली हंडा धरायचा आणि तो भरायला किती वेळ लागतो ते लिहायचं. आधी ते अंक मोजत, पुढे नातवानं घड्याळ दिलं. चौदा वर्षांच्या अमावस्या त्या वहीत होत्या. पौषात हंडा सव्वा मिनिटात. फाल्गुनात दोन. चैत्रात तीन, कधी साडेतीन. काही ओळींपुढे फुली.

"फुली कशाची, आबा?" सरपंचबाईंनी विचारलं.

"तीन मिन्टाच्या वर गेलं की दिसाआड पाणी. आन् चावी ज्याच्या घरात, त्याची आळी पैली बंद. मग बाकीच्या."

"तुमचीच आळी?"

"माझी म्हातारी लय बोलायची." आबा वही मिटून म्हणाले. "पन मग दुसऱ्या आळीतलं कुणी बोलत नसे."

मी राजगडाकडे पाहत होतो. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडावरच्या पाण्याबद्दल लिहिलं आहे: गड बांधण्याआधी पाणी बघावं, एका झऱ्यावर विसंबू नये, काही टाकी वेगळी राखावीत, ती रोज वापरू नयेत, पाणी जतन करावं. वर्गात मी ते कितीदा सांगितलं असेल. आबांनी ते कधी वाचलं नव्हतं. समोरच्या गडावर पद्मावतीचं तळं अजून आहे. ते बांधणाऱ्याइतकंच त्याची निगा राखणाऱ्यांचंही आहे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

तहकूब सभा पुन्हा बसली तेव्हा ठरावाचा कागद दीड पानाचा झाला होता. योजना ग्रामपंचायतीनं घ्यावी, हे तसंच राहिलं. पुढे जोडलं होतं: आधी वाडीचा पाइप बदलावा, मग खाली वेगळा पाइप टाकावा. वाडीची टाकी भरून वाहील तेवढंच पाणी गावाला यावं. जुनं टाकं मोडू नये. पंधरा दिवसांनी झऱ्यावर जायचं, आणि जाताना एक माणूस गावचा आणि एक वाडीचा. वही चालू ठेवावी. आणि तीन मिनिटांचा नियम, आबांच्या शब्दांत, जसाच्या तसा.

या शेवटच्या ओळीवर खूप वादावादी झाली. खालच्या आळीचे लोक म्हणाले, पैसा ग्रामपंचायतीचा, पाइप ग्रामपंचायतीचा, मग पहिली बंद आमची का? चावी आता सरपंचबाईंच्या घरी राहणार होती आणि त्यांचं घर खालच्या आळीत. त्यांच्याच घरातला दीर उठून म्हणाला की ही ओळ काढा, नाहीतर ठरावच नको. सरपंचबाई म्हणाल्या, "ओळ काढायची असेल तर चावी वाडीतच राहू दे." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग हात वर झाले. मोजले तेव्हा बाजूनं नऊ जास्त भरले.

मार्चअखेर काळा पाइप डोंगरातून खाली आला. चावी सरपंचबाईंच्या ओटीवर आली. पहिल्या दिवशी खालच्या आळीत पाणी आलं तेव्हा बायांनी नळाला हळदीकुंकू वाहिलं आणि वाडीच्या बायांना बोलावून ओटी भरली. जिनं सभेत प्रश्न विचारला होता तीही आली होती. आबा आले नाहीत, पण वही आली. नातवानं आणून दिली.

27 एप्रिलला चैत्राची अमावस्या होती. मी तेव्हा मार्गासनीतच होतो, सरपंचबाईंचा निरोप आला म्हणून पहाटे वर गेलो. वाडीचा तो मुलगाही होता. तो पुण्याला परत गेला होता, पण अमावस्येला सुट्टी काढून आला होता. सरपंचबाईंनी आधी लुगड्याचा तुकडा धुतला, बीळ पाहिलं, मग धारेखाली हंडा धरला. मुलाच्या हातात घड्याळ. पाणी हंड्याच्या पोटात वाजत होतं, मग आवाज बारीक होत गेला आणि काठावरून पहिला थेंब सांडला.

"तीन मिन्टं वीस सेकंद," मुलगा म्हणाला.

सरपंचबाईंनी वहीत आकडा लिहिला. त्याच्यापुढे फुली मारली. पेन वहीत ठेवून त्या थोडा वेळ गडग्यावर बसल्या. त्यांच्या घरी पुतणीची हळद दोन दिवसांवर आली होती आणि पाहुणे आदल्या रात्रीच उतरले होते, हे मला ठाऊक होतं.

उतरताना त्या वाडीच्या टाकीपाशी थांबल्या. चावी बरोबर आणली होती. वाडीचा वॉल त्यांनी नेहमीसारखा सोडला. मग खालच्या आळीच्या वॉलवर चावी बसवली, आडव्या दांडीला दोन्ही हात धरले आणि फिरवायला लागल्या. वॉल नवा, घट्ट होता. मुलगा मदतीला पुढं झाला तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. ओटीसमोर नळाखाली मोठी घागर लावलेली होती, कोरडी. सासूबाई शेजारी पायरीवर बसल्या होत्या.

"आज पाणी न्हाय आलं गं," त्या म्हणाल्या.

"आजपासून दिसाआड, आत्याबाई. आज आपली पाळी." सरपंचबाईंनी चावी ओटीच्या कोपऱ्यात उभी केली, घागर उचलली आणि नदीच्या वाटेला लागल्या.